बाण नव्यात, फायली जुन्यात

मी चौथीपर्यंत शिकलो, पण जुन्नरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी माझ्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले, ब्रश सुटला, मी शेठच्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरपुढं बसलो. कुणी शिकवायला आलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

टायपिंगची रीत माझीच. 'लग' लिहून स्पेस दिली की लग्नपत्रिकेचा सगळा मायना पडद्यावर उतरायचा. 'निका' लिहिलं की निकाहचा, 'दश' लिहिलं की दशक्रियेचा. भावकीत कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, तेही बसवलेलं. तळाला 'अक्षरजुळणी, जुन्नर' अशी माझ्या गावाची ओळही आपोआप यायची. असल्या लई खुणा जमवल्या होत्या.

पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करणाऱ्या माझ्या नातीनं एका दिवाळीत त्या फायली नीट लावून दिल्या. खऱ्या फायली एका फोल्डरात ठेवल्या, आणि प्रोग्राम त्यांना जिथं शोधतो तिथं नुसते दुवे. दुव्याच्या चित्रावर बारका बाण असतो.

"आबा, मशीन बदललं की हा एकच फोल्डर उचलायचा. बाकी नुसते बाण, त्यांच्यात काही नाय."

मी 'हं' म्हणालो.

यंदा शेठनं नवं मशीन आणलं. शेठच्या वडिलांच्या दुकानाची पहिली पाटी मीच रंगवलेली. तो म्हणाला, "पेंटर, नातीला फोन लावा आन् ती सांगंल तसं करा."

"माझं सामान मी नेतो."

माझ्या फायली पहिल्यापासून जिथं होत्या तिथनंच उचलल्या, नव्यात टाकल्या. नावं तीच दिसली. जुनं मशीन त्याच दिवशी विकलं गेलं.

सकाळी 'लग' लिहिलं. पडद्यावर 'लग'च राहिलं. पुन्हा लिहिलं. शेवटी नातीला फोन केला.

"आबा, तुमी बाण नेले. फायली जुन्यातच राहिल्या."

"मग हे बाण दाखवतात काय?"

"नव्या मशीनवर जो फोल्डर नायच, तो."

ती हसली नाही, त्याचाच जास्त राग आला.

जुनं मशीन शिनोलीच्या एका झेरॉक्सवाल्या बाईंनी घेतलेलं. दुपारी त्यांचा माणूस येऊन सगळं पुसून नवं भरणार, असं शेठ म्हणाला. बाई फोन उचलेनात. मी पिशवी घेतली आणि घोडेगावची एसटी धरली.

खिडकीशी बसलो, उठलो, दारापाशी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, उभं राहून गाडी जोरात पळत नाय," कंडक्टर म्हणाला.

बसलो. मायने आठवून बघितले. लग्नाचा आला, दशक्रियेच्या मध्येच अडकलो. बोटांना 'दश' एवढंच माहीत, पुढचं मशीनच लिहायचं. घाटातली वळणं संपेनात.

घोडेगावात जीप धरली, शिनोलीला उतरलो तो तडक बाईंच्या दुकानात. "पुसलं का?"

"पाणी तर घ्या, बाबा."

"पुसलं का तेवढं सांगा."

"नाय पुसलं. काल मी 'दश क्रिया' असं तोडून लिहाय गेले, तर आख्खं पत्रकच उतरलं. म्हणलं हे घालवायचं नाय. म्हणून त्या माणसाला माघारी धाडला. तुमचंच का हे?"

"माझंच."

नातीला फोनवर ठेवून खरा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. एकेक फाइल उघडून बघितली. मग हात डिलीटवर गेला. माझ्या मेहनतीचं बाईंनी आयतं का वापरावं?

"राहू द्या की, राव," बाई म्हणाल्या. "इकडं मायना सांगाय कोण नाय. आन् खाली तुमच्या गावाची ओळ येती, ती बी राहू द्यायची ना?"

कालचं पत्रक मागून घेतलं. नावांपुढं थोरले, धाकटे असं लिहिलेलं, तरी थोरल्या भावाचं नाव धाकट्याच्या खाली घातलेलं. असल्या कागदावरनं भावकीत बोलणं बंद होतं. आणि तळाला माझं गाव.

"छापलं?"

"आज छापायचंय."

मी फक्त ती ओळ काढली. "बाकी वापरा. मी न वाचलेल्या कागदाखाली माझं गाव नको."

"मग वाचून देत जा. फोटो धाडते."

मी हो म्हणालो नाही. नंबर मात्र सांगितला, आणि दोन्ही भावांची नावं जागेवर घालून होईपर्यंत बाईंच्या खुर्चीमागं उभा राहिलो.