धुमालवाल्याचा कान

रायपूरच्या बूढापाऱ्यात त्याला शालिग्राम कुणी म्हणत नसे. तोंडावर शालिक म्हणत आणि पाठ वळली की ‘सगळं एकच’ म्हणत. हे दुसरं नाव त्याने स्वतःच कमावलं होतं. तलावाच्या रस्त्याने एखाद्या डीजेची गाडी गेली, की तो दुकानाच्या पायरीवरून हात झटकायचा.

“कालही हेच, आजही हेच. लग्न असो का गणपती, सगळं एकच वाजवून राहिले. निस्ती धडधड. चाली मेल्या, भाऊ.”

असं म्हणण्याचा त्याचा अधिकार होता. त्याचा बाप रेल्वेच्या नोकरीपायी तुमसरहून रायपूरला आला आणि सुट्टीच्या दिवशी ढोल बडवत राहिला. शालिकने त्या ढोलाची पार्टी केली. मागे गाडीवर जनरेटर, कॅसिओ, बेंजो आणि स्पीकरच्या पेट्या. पुढे पायी चालणारे ढोल, ताशे, झांजा. याला आमच्याकडे धुमाल म्हणतात. दिवसा गोल बाजारामागच्या गल्लीत तो ढोलांवर पानं, म्हणजे पुड्या, चढवायचा, सुपारी आली की पार्टी घेऊन निघायचा.

त्याच्याकडे चार चाली होत्या. वरातीची उडती. नवरात्रातल्या जवाऱ्यांच्या, म्हणजे घटात उगवलेल्या गव्हाच्या, मिरवणुकीची जड. विसर्जनाची, जिच्यात पाय आपोआप घाई करतात. आणि चौथी त्याच्या बापाची. नातवंडं-पतवंडं पाहून गेलेल्या म्हाताऱ्याला वाजतगाजत नेतात, त्या वेळची. तिच्यात ढोल मधेच एक ठोका गिळायचा आणि त्या रिकाम्या जागेत एकटी झांज वाजायची. बाया आत स्वयंपाक करता करता ओळखायच्या, बाहेरून नवरदेव चालला की मढं.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, तसं काम वाढलं. कशाचं ना कशाचं उद्घाटन, कुणाचं ना कुणाचं स्वागत, तेलीबांध्याकडच्या लॉनवरची लग्नं. दुसऱ्या पार्टीच्या पेट्या छातीइतक्या झाल्या, म्हणून शालिकच्या खांद्याइतक्या झाल्या. मग माणसाच्या डोक्यावर गेल्या. शालिक पार्टीचा उस्ताद. उस्ताद पार्टीकडे तोंड करून उलट्या पावली चालतो. म्हणजे पेट्यांकडे तोंड करून, इतक्या जवळ की शर्टाची कॉलर हलायची. दोन बोटं वर केली की वरात, मूठ वळली की जवारा, पंजा खाली दाबला की संथ. पोरं त्याची बोटं बघत आणि तो पोरांचे हात बघे. कुणाचा हात चुकला तर दुरून शिवी घाले. लोक म्हणत, काय कान आहे या माणसाचा!

त्यालाही तसंच वाटे. हीच त्याची चूक. धुमालवाले सगळेच ओरडून बोलतात, सगळेच एकमेकांना ‘आं?’ करतात. तिथे कुणाचा कान गेला आणि कुणाचा राहिला, हे कळायचं कसं?

त्याची एकुलती एक मुलगी पूर्णिमा. लहानपणी ती झांजवाल्याच्या मागे मागे फिरायची. मोठी झाली तशी शारदाने, म्हणजे शालिकच्या बायकोने, ते बंद केलं. पोट्टी मिरवणुकीत चालणार नाही म्हणजे नाही. पूर्णिमाने वाद घातला नाही. कॉम्प्युटर शिकली. रियाजाच्या खोलीत कोपऱ्यात मोबाइल ठेवून एकेक वाद्य वेगळं भरून घेऊ लागली. दोन वर्षं ती काय जोडत होती, ते बापाला माहीत नव्हतं. तेलीबांध्याचा एक साउंडवाला मात्र ऐकून गेला होता. तो म्हणाला, तुझ्या बाबांची पार्टी सोबत वाजवणार असेल तर या गणपतीत आपण हे काढू; उस्ताद हव म्हणाले की कामाला लागू.

तेव्हा राजनांदगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. शारदाने मुलीला स्वच्छ सांगितलं, “तुह्या बाबानं हव म्हटलं तर मी एक वर्ष थांबवते त्यायले. नाही म्हटलं तर कॉम्प्युटर बंद अन् लग्नाले उभी राहा.”

“हव बोलेंगे, आई,” पूर्णिमा म्हणाली. “बाबा को समझेगा.”

एका दुपारी रियाजाच्या खोलीत तिने लॅपटॉप पार्टीच्या पेट्यांना जोडला. सगळे भिंतीला टेकून बसले. शालिक मधोमध खुर्चीवर. बेंजोवाला बाबाराव, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, शेजारी. पूर्णिमाने बटण दाबलं.

पेटीचा पडदा आत-बाहेर होऊ लागला. शालिकच्या छातीत धडधड बसली. तो वाट बघत राहिला. धडधड चालली, थोडी थांबली, पुन्हा चालली. भिंतीशी पोरांच्या माना हलत होत्या. बाबाराव डोळे मिटून बसला होता. शालिकने लॅपटॉपकडे पाहिलं, तिथे काही रंगीत पट्ट्या सरकत होत्या. हात कुठेच नव्हते. शेवटी शेवटी मुलगी ओठ चावून त्याच्याच तोंडाकडे बघत होती, हे मात्र त्याने पाहिलं.

“झालं?” त्याने विचारलं.

“हव, बाबा.”

“सगळं एकच आहे, पूर्णे.”

पोरं बाबारावकडे बघू लागली. मग बाबाराव पुढे सरकला. “शालिक, काय म्हणून राहिला बे? त्याच्यात तुह्या बापाची चाल होती ते.”

“तू लेकराचं मन राखून राहिला. माहा बाप वाजवे तं बाया पदर लावत डोळ्याले. याच्यात कोठी आहे तो? हे तं त्या डीजेवाल्याचंच आहे. माह्या पार्टीच्या नावावर मी हे नाही काढू देणार.”

“एक बार फिर से सुनोगे?” पूर्णिमा हळूच म्हणाली.

“आं?”

तिने नकारार्थी मान हलवली. लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि वायरी गुंडाळत म्हणाली, “कोई बात नहीं, बाबा.” हेही त्याला तिच्या ओठांवरूनच कळलं. ओठांवरून कळलं हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

थंडीत तिचं लग्न झालं. वरातीला शालिकचीच पार्टी होती. लॅपटॉप सासरी दिराच्या अभ्यासाला गेला. ती फोन करायची तेव्हा शालिक “हव, हव, बरी आहे नं?” म्हणून फोन शारदाच्या हातात द्यायचा. मुलगी आताशा तोंडातल्या तोंडात बोलते, अशी त्याची तक्रार होती.

काही वर्षांनी गोल बाजारात मागून एका स्कूटीने त्याला उडवलं. उजवं मनगट मोडलं. स्कूटीवाला लोकांपुढे हात जोडून सांगत होता की मी हॉर्न वाजवतच येत होतो, दादा हललेच नाहीत. शालिकने त्याच्या सात पिढ्या काढल्या. पण प्लास्टर घालणारा डॉक्टर त्याच्याशी तोंड फिरवून काहीतरी बोलला आणि उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने कानाच्या तपासणीला पाठवून दिलं.

काचेची बंद खोली. कानांवर जड टोपणं. तपासणीवाली सोनिया काचेपलीकडे बसली होती. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, “काका, जब भी आवाज आए, बटन दबाना. धीमी आए तो भी.” शालिक बटणावर अंगठा ठेवून ताठ बसला. सुरुवातीला भुंग्यासारखे जाड आवाज आले, ते त्याने टिपले. मग काहीच येईना. त्याने काचेवर टकटक केलं.

“पोरी, मशीन चालू तं कर.”

सोनियाने दार उघडलं. ती जरा गोंधळली होती. “चालू ही है, काका. कबसे चालू है.”

मग तिने त्याच्या समोर बसून, तो ओठ बघेल अशा बेताने, समजावून सांगितलं. भारी आवाज शाबूत आहेत. पातळ गेले. चिमणी, घुंगरू, झांज, ताशाची कड, बायकांचं, मुलांचं बोलणं. एका दिवसात नाही. बरीच वर्षं झाली असणार. तिने विचारलं, कारखान्यात होता का?

“नाही,” शालिक म्हणाला. “वाजवत होतो.”

कानाचं मशीन लावून पाहिलं. त्यातून झांज आली नाही, मोरीत भांडी पडल्यासारखं आलं. त्याने ते काढून डबीत ठेवलं.

संध्याकाळी तो बाबारावला घेऊन तलावाच्या काठी बसला. त्याने विचारलं, “खरं सांग बाबाराव. सगळं एकच झालं, का माह्याच कानाचं झालं?”

बाबाराव त्याच्या कानाशी जाणार होता, मग समोरच येऊन बसला. “थोडं झालंच आहे. पोट्टे एकमेकायचं उचलते अन् भारी पेट्या लावून देते, हे खोटं नाही. पण तू म्हणे तेवढं नाही.”

“मंग तवा काहून नाही बोलला?”

“बोललो नं! तूच म्हणे, मन राखून राहिला. अन् तुह्या कानापुढे आमी कोण? तू म्हटलं चाली मेल्या, तं आमी माना हलवल्या. पोट्ट्यायनं नवं आणणं बंद केलं. म्हणे, दादा एकच म्हणते, मेहनत कायले करा?” तो आणखी जवळ सरकला. “पूर्णिमाचं चांगलं होतं, शालिक. माह्या अंगावर काटा आला होता. चारही चाली होत्या. वेगवेगळ्या.”

शालिकने ते पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नाही.

मनगट जुळलं, पण वाकडं. पार्टी मोडली. ढोल विकले. मुलीला फोन करून सांगावं, असं त्याने कैकदा ठरवलं. पण फोनवर तिचा आवाज त्याला येत नसे, आणि शारदामार्फत सांगण्याची ही गोष्ट नव्हती. तो महालक्ष्म्यांची वाट बघत राहिला. त्यांच्या घरी भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात आणि पूर्णिमा त्या जेवणाला चुकत नाही.

ती आली. अंगाने भरली होती, घाईघाईने बोलत होती. पुरणाचं जेवण झालं, शेजारणी गेल्या, शारदा आत आवरायला लागली. महालक्ष्म्या शालू नेसून, हातभर हिरव्या बांगड्या घालून मखरात उभ्या होत्या. शालिक त्यांच्यापुढेच पूर्णिमाच्या समोर पाटावर बसला.

“आई बोली मेरे को. कान का,” ती मोठ्याने, ओठ उघडून म्हणाली.

“हव.” त्याने ओल्या हाताची बोटं धोतराला पुसली. “ते तुह्यावालं... लावून दाखवतं काय?”

“कौन सा?”

“तेच. रियाजाच्या खोलीत लावलं होतं ते.”

तिला समजायला वेळ लागला. मग ती हसली, आणि ते हसू अर्ध्यावरच राहिलं. “वो कहाँ है अब, बाबा? देवर ने लॅपटॉप साफ करके दे दिया किसी को. मोबाइल भी बदल गया. और लगाऊँगी तो भी तुमको...”

“मले तवाच ऐकू नाही आलं, पूर्णे. मी म्हटलं एकच आहे. मले एकच आलं.”

ती आतल्या दाराकडे बघत राहिली. तिथे भांड्यांवर पाणी पडत होतं. मग तिने एक पाट पालथा घालून मांडीपुढे ओढला आणि त्याच्यावर बोटं ठेवली.

बोटं चालू लागली आणि शालिक वाकला. ही वरात. डाव्या हाताची करंगळी हवेतच राहते, ती वरात. मग मनगटं जड झाली, जवारा. मग ती घाईची. तो मोठ्याने नावं घेत होता, वर्गातल्या मुलासारखा, आणि ती मान हलवत होती. मग तिचा उजवा हात वर गेला आणि खाली आलाच नाही. ठोका गिळला. त्या जागी तिने डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर हलकेच घासली. झांज. शालिकचा बाप.

“हव,” तो म्हणाला. “हव, हव. होता. याच्यातच होता.”

ती थांबली नव्हती. आणखी दोन-तीन ठोके गेले. मग बोटं पाटावरच अडखळली. तिने मागून पुन्हा धरलं, पुन्हा तिथेच येऊन थांबली.

“काहून थांबली?”

“यहाँ से आगे मेरा था,” ती म्हणाली. “चारों के बाद एक पाँचवाँ रखा था मैंने. अपना. सबसे अच्छा वही था, बाबा. वो तेलीबांधा वाला भी वही सुनके बोला था.” तिने डोळे मिटून बोटं एकदा पाटावर टेकवली, उचलली. “नहीं आ रहा. कितने साल हो गए.”

शालिक तिच्या बोटांकडे बघत राहिला. त्याच्या चारही चाली त्याला पाठ होत्या. कुणी झोपेतून उठवलं असतं तरी सांगितल्या असत्या. ही पाचवी त्याच्या छातीत एकदा बसून गेली होती, भर दुपारी, आणि त्याने तिला धडधड म्हटलं होतं.

“बाबाराव होता नं तिथं. त्याले विचारतो मी,” तो म्हणाला.

“एक बार ही तो बजा था, बाबा.” तिने पाट सरळ करून भिंतीला लावला.

बाहेरून विसर्जनाची कुठली तरी गाडी तलावाकडे चालली होती. फरशीतून धडधड त्याच्या मांड्यांत चढली. मखरात महालक्ष्म्यांच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या थरथरू लागल्या, एकमेकींवर आपटू लागल्या. त्या वाजत असणार. पूर्णिमाने तिकडे मान वळवली, म्हणजे वाजतच होत्या.

शारदा हात पुसत दाराशी आली. दर वर्षीसारखी, त्याला चिडवत, नेहमीच्या सवयीने मोठ्याने म्हणाली, “काय हो, सगळं एकच नं?”

त्याने तिचे ओठ वाचले. गाडी जाईपर्यंत तो त्या बांगड्यांकडेच बघत बसला.