टेपवाल्या आजोबांची चाल

कोणाच्याही घरात शिरण्याआधी ते बोटांच्या पेरांनी टकटक करत. दारावर नव्हे, भिंतीवर. मग कान जरा तिरका करून आवाज ऐकत, मान वर करून छत पाहत आणि तेव्हा कुठे चपला काढत. चहा कसा झाला आहे असे विचारले, तरी दुसरा घोट घेईपर्यंत उत्तर नाही. "आधी पाहतो, मंग सांगतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

ईरा, निषाद, तुम्हाला ते आठवतील ते शर्टाच्या खिशातल्या मोजपट्टीमुळे. कॉलनीतली सगळी मुले त्यांना टेपवाले आजोबा म्हणत. मी नुसतेच 'भाऊ' म्हणत असे आणि ते मला 'मॅडम'. मी इंग्रजीची प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती, पण त्यांच्या लेखी मी अजून नोकरीतच होते.

परवा फोनवर निषादने विचारले, "आजी, तुला तो जुना गेम इतका कसा माहीत?" फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते. म्हणून हे लिहिते आहे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास ते बदलीवर भंडाऱ्याला आले आणि शहापूरच्या वाटेवरच्या आपल्या कॉलनीत, आपल्याला लागून असलेले घर त्यांनी घेतले. मूलबाळ नव्हते. पुढे पत्नीही वारल्या. नोकरी मूल्यांकनाची. धरणाच्या पाण्यात जाणार असलेल्या गावांत जायचे, घरे मोजायची, विहिरी मोजायच्या, आंब्याची आणि चिंचेची झाडे पाहायची, आणि त्यांची किंमत ठरवायची. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरले नाही, पण मोजपट्टी खिशातच राहिली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात आणि चांगल्या बैलाला बक्षीस मिळते. कॉलनीत परीक्षक तेच. लाकडी बैलालाही ते टकटक करून पाहत, पोटाखालून हात फिरवत, चाके फिरवून बघत. त्या वर्षी सुट्टीत आलेले तुम्ही दोघे पोळ्यापर्यंत राहिला होतात. निषादचा बैल हातात घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "बैल मजबूत आहे. पण मान आखूड आहे बाबू. गाडीले जुपला तर जू सरकन." तो बैल कधी गाडीला जुंपला जाणार नव्हता, हे त्यांना सांगण्याची कोणाची छाती झाली नाही. बक्षीस गेले शेजारच्या मुलीला. मात्र निषाद बैल घेऊन त्यांच्या दारी गेला, तेव्हा बोजारा, म्हणजे बैल दारी आणणाऱ्या मुलाला द्यायचा खाऊ, म्हणून सर्वांत मोठा पेढा त्यालाच मिळाला.

त्याच आठवड्यात तुमचे भांडण झाले. चित्रविचित्र राक्षसी प्राणी पकडायचे, पाळायचे आणि झुंजवायचे, असा तो तुमचा व्हिडिओ गेम. त्याचे म्हणे अनेक भाग आहेत. ईराने आणलेला भाग त्याच घराण्यातला, पण आडवाटेचा. त्यात रानोमाळ हिंडून प्राणी गोळा करायचे नव्हते. जुन्या काळचे सरदार होते, प्रत्येकाच्या सोबतीला एक प्राणी, आणि चौकोन आखलेल्या रणांगणावर पुढे सरकत शेजारची राज्ये जिंकायची होती. आधी आपल्या सगळ्यांनी चाल करायची, मग समोरच्यांनी.

निषादचे म्हणणे, हा खरा गेम नाहीच, नुसते नाव लावले आहे. ईराचे म्हणणे, सगळ्यांत चांगला हाच. आवाज चढले तेव्हा मी म्हटले, "परीक्षक शेजारी राहतात. त्यांना विचारा."

भाऊंनी गेमचे ते छोटे, मिटता येणारे यंत्र हातात घेतले, उलटसुलट केले, आणि मागच्या बाजूला टकटक केली.

"खरा आहे की नाही, ते सांगा," निषाद म्हणाला.

"असं कसं सांगू? जागेवर गेल्याशिवाय मी किंमत करत नसतो. मुदत द्या."

ईराने पुढच्या सुट्टीपर्यंतची मुदत दिली आणि यंत्र त्यांच्यापाशी ठेवून तुम्ही विमानात बसलात.

दुसऱ्याच दिवशी बरोबर चार वाजता ते कापडी पिशवीत यंत्र घालून आपल्या व्हरांड्यात हजर. खेळातली वाक्ये इंग्रजीत. मी वाचायची आणि मराठीत सांगायची, त्यांनी बटणे दाबायची, असे ठरले. मी पाच वाजता घड्याळ दाखवून खेळ बंद करत असे. पहिले काही दिवस लढाई झालीच नाही. ते आपल्याच राज्यात हिंडत होते.

"भाऊ, शेजारच्या राज्यावर चाल करा की."

"करतो जी. आधी पाहू तर द्या." मग थोड्या वेळाने, "मॅडम, इथं बाजार आहे, वाडा आहे. विहीर कुठं आहे?"

"विहीर नाही दाखवलेली."

"मंग लोकं पाणी कुठचं पितात?"

मी म्हटले, हा खेळ आहे. त्यांनी मान हलवली, पण ते पटल्याची ती मान नव्हती.

प्राणी मात्र त्यांना फार आवडले. कोणत्या सरदाराचे कोणत्या प्राण्याशी किती जुळते, हे खेळात दिसते. एक सरदार मोठा पराक्रमी, पण त्याचा प्राणी त्याच्याशी मनाने जुळेना. भाऊ म्हणाले, "बैल दुसऱ्याच्या हातचा आहे. वखरावर चालते, पण मन लावून नाही चालत." आणि त्या पराक्रमी सरदाराला त्यांनी मागे ठेवून दिले. लढाई आम्ही हरलो. त्यांना त्याचे काही वाटले नाही.

एकदा मात्र जिंकलो. शेजारचे राज्य आपले झाले. भाऊ पडद्याकडे पाहतच राहिले.

"आता ह्या गावचे लोकं कुठं जाणार?"

मी पुढची वाक्ये वाचली. "कुठेच नाही. गाव तिथेच. सरदारही आपल्याकडे यायला तयार आहेत."

"कोणाले उठवत नाहीत?"

"नाही."

त्यांनी यंत्र पिशवीत ठेवले. पाच वाजायला अवकाश होता. मग कपाटातली फाईल काढावी तशा सपाट आवाजात त्यांनी मला त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल सांगितले. तिला ते बाई म्हणत.

"माह्या बाईचं सासर पवनीकडे. थे गाव धरणात गेलं. यादी माह्याच हाताखाली आली. पण नात्यातलं घर आपण मोजायचं नसते, मॅडम. मी सोबतच्याले पाठवलं."

"बरोबरच केलंत."

"हो. पण बाईनं निरोप धाडला होता. किंमत नको करू म्हणे. घर उभं आहे तोवर नुसता येऊन पाहून जा."

"मग?"

"नाही गेलो. गेलो असतो त लोकं म्हणले असते, भाऊ येऊन गेला, म्हणून किंमत जास्त लागली." त्यांनी पिशवीला गाठ मारली. "दुनियेची घरं पाहली जी मी. एक थेच नाही पाहलं."

त्यानंतर बाई भाऊबीजेला आल्या नाहीत. नव्या गावठाणात राहायला गेल्या, तिथूनही बोलावणे नाही. मी विचारले, तुम्ही गेलात का? ते म्हणाले, "बाई मोठी आहे. तिनं बोलावल्याशिवाय कसा जाऊ? मी वाट पाहून राहिलो." भंडाऱ्याहून पवनीला दिवसभर एसटी जाते, हे मला ठाऊक होते. मी चहाचे कप उचलले.

त्यानंतर खेळ अडला. एका मोठ्या लढाईत समोरचा राजा हलेचना. भाऊ रोज चार वाजता यंत्र उघडत, पाहत, आणि मिटत. आठवडा असाच गेला.

"मॅडम, समोरचा चूप बसला आहे. खेळ बिघडला वाटते."

"काही दाबून पाहा ना."

"कायले? आपण आपलं केलं. आता उत्तर त्याच्याकडून यायला पाहिजे." उभा जन्म कार्यालयात गेलेला माणूस. कागद वर पाठवला की उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही, हीच त्यांची रीत. मलाही ती रास्त वाटली. आम्ही दोघे शहाणे वाट पाहत बसलो.

शेवटी रविवारी भाऊ शेजारी असताना तुमचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी ईराला सांगितले. तिने भाऊंना यंत्र कॅमेऱ्यासमोर धरायला लावले आणि ती हसायलाच लागली.

"आजोबा, तो नदीजवळचा तुमचा सरदार हललाच नाही अजून. तुम्ही चाल संपवलीच नाही."

"मंग थो काहून थांबला?"

"तो थांबणारच. चाल तुमची आहे."

"त्याच्या मनात असलं, तरी त्याले येता नाही येत?"

"नाही."

"किती दिवस थांबते?"

"कितीही. वर्षं झाली तरी. तुम्ही बंद करून ठेवलात ना, तरी."

भाऊंनी यंत्र मिटले. चहा घेतला. तो गार झाला होता, तरी एका दमात संपवला. जाताना आपल्या फाटकाची कडी लावायला विसरले, आणि ते कधी कडी विसरत नसत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आले नाहीत. समोरच्या घरी कळले, सकाळच्या पवनीच्या एसटीने गेले. धुवट सदरा घालून.

परत आले ते दोन-तीन दिवसांनी. पिशवीत तांदूळ आणि लाखोळीची डाळ. मला अर्धी डाळ दिली. मी विचारायचे नाही असे ठरवले होते, पण विचारलेच. "काय म्हणाल्या बाई?"

"पहिले काहीच नाही. मंग म्हणे, आता पाहायले काय उरलं रे?"

"मग?"

"मंग पाणी दिलं. जेवू घातलं. अन् संध्याकाळी काठावर घेऊन गेली मले." त्यांनी उजवा हात वर केला आणि आपल्या अंगणावरून बोट हळूहळू फिरवले. "पाण्यावर असं बोट फिरवून सारं दाखवलं बाईनं. हे सयपाकघर, हे माजघर, इथं बाबाचा माग होता तसाच माग, हा कडुनिंब. मी पाहलं, मॅडम. सारं पाहलं."

त्यांचे वडील विणकर होते, हे मला तेव्हा कळले. गिऱ्हाइकाला ते म्हणत, आधी हात लावून पाहा, मग बोला. भाऊंचे वाक्य तिथले.

चार वाजताचा खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढे सरकत गेला. पुढच्या सुट्टीत तुमचे येणे झाले नाही. म्हणून निकाल फोनवरच लागला. भाऊ त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तुम्हाला तो निकाल आठवतो का? मला शब्दन् शब्द आठवतो.

"खेळ पाहला. उणं आधी सांगतो. गावं सारखीच दिसतात. एकाही गावात विहीर नाही. गोष्ट थोडी लांबवली आहे, शेवटाकडे तेच तेच येते. आता चांगलं. ज्याचा प्राणी त्याच्याशीच जुळते, विकत नाही मिळत. राजा बदलते, पण गाव जागचं हालत नाही. अन् समोरचा थांबते. घाई नाही करत."

"पण खरा आहे की नाही?" निषाद आपला मुद्दा सोडणारा नव्हता.

"बाबू, लेक दुसऱ्या गावी दिली, त तिची रीत बदलते. सयपाक बदलते, बोलणं बदलते. म्हणून काय थे घरची नसते?"

निषादने तेव्हा कुठे मुद्दा सोडला. ईरा जिंकली होती, पण तिने त्याला चिडवले नाही.

त्या दिवाळीत, भाऊबीजेला, बाई आल्या. ठेंगण्या, काटक, कोशाच्या रेशमाचे जुने लुगडे. रिक्षातून उतरल्या आणि भावाच्या दाराशी जाऊन त्यांनी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. मी व्हरांड्यात उभी होते. हसूही आले आणि हातातले तबक खाली ठेवावे लागले.

आधी ओवाळणी नाही. आधी घर पाहायचे, म्हणाल्या. हे घर त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. मलाही हाताने खुणावून आत बोलावले. त्या पुढे, आम्ही मागे. प्रत्येक खोलीत थांबत, छत पाहत, खिडकी उघडून लावून बघत. स्वयंपाकघरात एकच ताट आणि एकच पेला पालथा होता, त्याच्यापुढे जरा जास्तच थांबल्या. भाऊ दोन पावले मागे, हात पाठीशी बांधून. एके काळी भाऊंच्या मागे गावोगावचे घरमालक असेच चालत गेले असतील.

"काय म्हणतेस बाई?" शेवटी त्यांनीच विचारले.

"भिंती पक्क्या आहेत," बाई म्हणाल्या. "पण इथं तुहं कोण आहे? माह्याकडं दोन खोल्या रिकाम्या आहेत. सामान बांध."

भाऊंनी मुदत मागितली नाही.

थंडी संपायच्या आत ते गेले. निघताना कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "पोरीले सांगजा, आखरीची लढाई अर्धीच राहिली. चाल माही आहे, हे मले मालूम आहे." मग फाटकाच्या खांबावर एकदा टकटक करून ते रिक्षात बहिणीशेजारी बसले.

त्यांच्या घरात आता भाडेकरू आहेत. भले लोक आहेत, दारावर टकटक करतात. ते यंत्र माझ्या कपाटात, धुतलेल्या रुमालात गुंडाळून आहे. दर रविवारी तुमच्या फोनआधी मी ते चार्जिंगला लावते आणि उघडून पाहते. त्या शेवटच्या लढाईतही नदीजवळ भाऊंचा सरदार उभा असतो, शेजारी त्याचा प्राणी. समोरचा राजा अजून जागचा हललेला नाही.