बोटाखालचं घर

"अहो, बोट काढा की, आपलं घर झाकलंत तुम्ही," काकू नवऱ्याला म्हणाल्या.

"काढलं की रस्ता दिसतो," काका म्हणाले आणि बोट तसंच ठेवलं.

नगरपालिकेच्या सभागृहात शहराचा नवा विकास आराखडा लावला होता. हरकती घ्यायचा आज शेवटचा दिवस. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. तो रस्ता मीच आखला होता, एका दुपारी, कंप्युटरवर. वाढत्या शहराला तो हवाच, हे तेव्हा पटलं होतं. अजूनही पटतं. पण काकांच्या नखात चुना होता; घराची रंगरंगोटी नुकतीच झाली असावी. यातलं खरं कुठलं धरायचं, मला कळेना. कागद जागोजागी बोटांनी मळला होता. प्रत्येक डागाखाली कुणाचं तरी घर असणार. माझ्या स्क्रीनवर बोट ठेवायला कुणी आलंच नव्हतं.

"चला, साहेबांचा नकाशा तो. आपलं कोण ऐकतंय!" काकू म्हणाल्या. दोघं दाराकडे वळले.

"काका, थांबा," मी म्हणाले. "ती रेष मी काढलीय. तुम्ही सांगा, हरकत मी लिहून घेते."