आहेरातले दात

सहकारी दुकानात नवीन लागलेली पोरगी गल्ल्यामागून उठली. अदबीनं म्हणाली, "सिस्टर, तुमच्या आईंना बसायला खुर्ची देऊ का?"

सिस्टर म्हणजे आल्बर्तीन. वय सत्तर. पन्नास वर्षं क्युबेकच्या मठात काढून नुकतीच गावी परतलेली. आणि पोरीनं जिला आई ठरवलं ती ओबेलीन, आल्बर्तीनची सहा वर्षांनी धाकटी बहीण.

गाडीत बसल्यावर आल्बर्तीन म्हणाली, "घ्यायचीस की खुर्ची, आई."

"गप गं. मठात टोमण्यांचं पाप लागत नाही वाटतं?"

"लागतं. शनिवारी फादरपुढे कबूल करीन." मग ती हळू आवाजात म्हणाली, "ओबे, तोंड पार आत गेलंय तुझं. नाक नि हनुवटी एकमेकांना भेटायला निघालीत."

ओबेलीनला ते ठाऊक होतं. ओठ आत वळलेले, गाल बसलेले. खालची कवळी शब्दागणिक उचलली जायची. ती त्याला म्हातारपण म्हणायची आणि विषय संपवायची.

१९६१ साली, लग्नाआधी तीन आठवडे, पप्पांनी तिला दंतवैद्याकडे नेऊन सगळे दात काढून घेतले. चार किडलेले होते. बाकीचे धडधाकट. त्यांच्या गावाकडे, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर, तेव्हा तशी रीतच होती. दातांचं दुखणं माहेरीच संपवायचं, जावयाच्या माथी मारायचं नाही. कोरी कवळी हा बापाचा आहेर. मैत्रिणी जळल्या होत्या. आल्बर्तीनचे दात तेवढे वाचले. "माझ्या नवऱ्यानं दातांची चौकशीच केली नाही," ती वर बोट दाखवून म्हणायची.

आता आल्बर्तीननंच ओबेलीनसाठी मॉन्क्टनच्या दातांच्या दवाखान्यात वेळ घेतली. डॉक्टरीण तरुण होती. तिनं पडद्यावर जबडा दाखवला.

"दात असले की चावण्याचा जोर हाडाला मिळतो. दात गेले की हाडाला काम उरत नाही, ते झिजतं. मग ओठांना नि गालांना आधार कुठला?"

"म्हणजे हे वयानं नाही?"

"वय आहेच. पण एकट्या वयानं एवढं केलेलं नाही." तिनं पुढच्या भागावर पेन टेकवलं. "इथे आत रोवायच्या दोन खिळ्यांपुरतं हाड उरलंय. कवळी त्यांवर घट्ट बसेल. पण फार थांबू नका."

"नको," म्हणून ओबेलीन उठली ती थेट गाडीपाशी गेली.

"का नको?" मागून आल्बर्तीन.

"पप्पांचा आहेर होता तो. घरी येताना रस्ताभर रडत होते ते, माझ्या तोंडाशी रुमाल धरून. आता खिळे मारून घेतले, तर त्यांनी माझं वाटोळं केलं असंच म्हटल्यासारखं होईल ना?"

आल्बर्तीननं विचारलं, "पप्पांनी घातलेलं छप्पर गळत होतं. ते कुणी बदललं?"

"मी."

"पप्पांचा अपमान झाला तेव्हा?"

"छपराची गोष्ट वेगळी."

"वेगळीच. त्याच्याखाली सगळे भिजत होते. इथे तू एकटी भिजतेयस."

ओबेलीननं उघडलेलं गाडीचं दार पुन्हा लावलं. मग वळली आणि पुन्हा आत गेली.

खिळे हाडात मुरायला चार महिने लागले. नवीन कवळ्या बसल्या त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात दिला. सुरकुत्या होत्या तिथेच होत्या. पण ओठ बाहेर आले होते, आणि नाकाखालचा चेहरा पुन्हा आपल्या लांबीचा झाला होता. खाली रुंद, चौकोनी हनुवटी.

ओबेलीन बघतच राहिली. "ही तर पप्पांची."

"शंभर टक्के," आल्बर्तीन म्हणाली.

"फक्त दाढी नाही."

"येईल. वय झालंय तुझं."