सिनेमातले पाय

मैनाबाईंचे पाय सिनेमात आहेत, हे अर्ध्या सातपाटीला ठाऊक होतं. पण त्या सिनेमात ते पाय कुणाचे होते, हे खुद्द मैनाबाईंनाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा त्या मुरबे गावच्या मैना होत्या, अठराएक वर्षांच्या. समुद्रकाठी सुरूच्या झाडांमागे एक बंगला होता, तिथे सिनेमावाले उतरले होते. कुणाचा तरी खून होतो अशी गोष्ट, एवढंच गावात कळलेलं. भरती ओसरली की काठावर चिखल आणि कालवांच्या धारदार शिंपा उघड्या पडत, आणि नटीबाई त्यात पाय ठेवायला तयार होईनात. मैना माशांची पाटी घेऊन त्याच वाटेने चालली होती. दिग्दर्शकाने तिला थांबवलं. नटीचं हिरवं लुगडं तिला नेसवलं, पायांत पैंजण घातले आणि सांगितलं, "बंगल्याच्या पायरीपासून पाण्यापर्यंत चालायचं. मागे बघायचं नाही."

मैना चालली. मग त्याने तिला गुडघाभर पाण्यातून काठाकाठाने थेट खडकांपर्यंत चालायला लावलं. हे कशाला, ते तिला कळेना. तिने विचारलं, "ही बाई चाललीय कुठं? मारनारी हाय का मरनारी?"

तो हसला. "तुला कळलं तर तुझ्या पायांनाही कळेल. मग ते वेगळं चालतील."

वर्षभरात सिनेमा पालघरला लागला. तोवर मैना लग्न होऊन सातपाटीला आली होती आणि तिला आठवा महिना होता. "असल्या भीतीच्या खेळाला पोटुशीनं जायाचं नाय," असं सासूने बजावलं. बाळंत होऊन ती उठेपर्यंत तिथे दुसरा सिनेमा लागला होता. पाहून आलेल्यांना विचारावं, तर कुणी म्हणे तू मेलीस, कुणी म्हणे तूच मारलंस. नणंद शैला म्हणाली, "मी तर शेवटी डोळेच मिटून घेतले होते गो!" पुढे कधीतरी एकदा तो टीव्हीवर लागला. सगळी आळी गोळा झाली आणि मध्यंतरानंतर वीज गेली.

मैनाबाईंचं आयुष्य त्याच पायांवर उभं राहिलं. पहाटे बंदरावर जाऊन मासळी घ्यायची, पालघरच्या बाजारात विकायची, दुपारी परत यायचं. एक मुलगी शिकवली, घरावर स्लॅब घातला, नवऱ्याचं, रामाभाऊंचं, आजारपण काढलं. पण बाजारात बसल्या बसल्या कधी गिऱ्हाईक नसलं की त्यांना वाटे, कोण होती बरं ती बाई? त्या पाण्यातून गेली कुठे?

यंदा त्यांच्या मुलीने, दीपिकाने, फोन केला. ती बोईसरला औषधांच्या कारखान्यात नोकरी करते. "आय, तुझा सिनेमा नेटवर आलाय. अगदी स्वच्छ दिसतोय. रविवारी बाबांना घेऊन ये. आणि आधीच सांगते, मी शेवट पाहिलेला नाही."

रविवारी दुपारी जेवणं उरकून तिघं टीव्हीसमोर बसली. मैनाबाई पुढे सरकून, रामाभाऊ लोडाला टेकून. गोष्ट दोन बहिणींची होती. थोरलीचं लग्न बंगल्याच्या मालकाशी झालेलं, धाकटी तिच्याकडेच राहत होती. एके सकाळी थोरली नाहीशी होते. पडद्यावर पैंजण वाजले आणि दोन पाय चिखलातून पाण्याकडे निघाले.

"माजे पाय!" मैनाबाई ओरडल्या. "डाव्या पायाचं बोट बघा, वाकडं हाय का नाय?"

"हाय, हाय," रामाभाऊ म्हणाले. "म्हंजे तू मेलीस."

गोष्टीतही सगळे तेच म्हणत होते. पावलं पाण्यात गेली होती, परत आली नव्हती. मैनाबाई जरा हिरमुसल्या. पण पाण्यातून खडकांपर्यंत चालल्याचं अजून कुठे आलं नव्हतं. "थांबा," त्या म्हणाल्या, "मी आजून पोचली नाय."

आणि अगदी शेवटी तेच पाय पुन्हा दिसले. तोच चिखल, तेच पैंजण. या वेळी मात्र पाय पाण्यात शिरले, काठाकाठाने खडकांपर्यंत गेले आणि वर चढले. कॅमेरा पायांवरून हळूहळू वर सरकला. चेहरा धाकटीचा होता. थोरली त्याआधीच बंगल्यात मरून पडली होती. धाकटी तिचे पैंजण घालून, तिची पावलं उमटवून, पाण्यातून परत गेली होती.

"अगं बाई!" दीपिकाने तोंडावर हात ठेवला. "आय, दोघी तूच!"

बक्षीस लागल्यासारखं हसू मैनाबाईंच्या चेहऱ्यावर आलं, मग ते ओसरलं.

"सख्ख्या बहिनीला मारलान," रामाभाऊ म्हणाले. "कसली बाई ही!"

"थोरलीनं तिची तीन स्थळं मोडली, ते आयकलंत ना? घरात राबाया बाई पायजे म्हनून."

"म्हनून जीव घ्यायाचा?"

"नाय घ्यायाचा," मैनाबाई म्हणाल्या. "पन सगला सिनेमाभर तिला कुनी काय विचारलं का? पोलिसानं पन नाय विचारलं." त्या दीपिकाकडे वळल्या. "मागं ने गो जरा. पायांचं नको. ते पयलं जेवनाचं हाय ना, तिथं ने."

दीपिकाने सिनेमा मागे नेला. मोठं जेवणाचं टेबल, हसणारी माणसं, त्यांच्यामधून धाकटी वाढत चाललेली. मघाशी तिघांपैकी कुणीही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तिच्या हातातलं भांडं क्षणभर थबकतं, ती थोरलीकडे बघते आणि पुन्हा वाढू लागते.

"ह्ये बघ," मैनाबाई हळूच म्हणाल्या. "इथंच ठरलंय तिचं."

रामाभाऊ लोडावरून उठून पुढे येऊन बसले. "कुठं? परत दाखव."