न वाळणारी सावली

चित्रकार वेंडेलिन ह्रुबेश माझ्या धाकट्या बहिणीच्या, अपोलेनाच्या, घरी माडीवर भाड्याने राहत असत. हिवाळ्यात मी तिच्याकडे हंसांची पिसे सोलायला, म्हणजे दुलईत भरण्यासाठी त्यांचा मऊ भाग देठापासून ओढून काढायला, जात असे. तिथेच त्यांची माझी ओळख झाली. ही हकीगत काही मी पाहिलेली आहे आणि काही त्यांनी मला नंतर सांगितलेली आहे.

वेंडेलिन हे विणकराचे पुत्र. प्रागच्या कलाशाळेत त्यांनी निसर्गचित्रांचे शिक्षण घेतले. झाडांखालच्या सावलीत डांबराचा तपकिरी रंग भरावा, म्हणजे तिला मखमलीची खोली येते, असे त्यांना गुरुजींनी शिकवले होते आणि त्यांनी ते निष्ठेने पाळले. त्यांची रानेवने, ओढे आणि तळी आमच्या खोऱ्यातील पुष्कळ घरांच्या भिंतींवर लागली. लोक त्यांना चित्रकारबुवा म्हणत.

पुढे एका कडक उन्हाळ्यात पाद्रीबाबांच्या बैठकीतील चित्रात झाडांची सावली ओघळून ओढ्यात उतरली.

"बुवा, तुमच्या ओढ्याला गढूळ पूर आलाय की काय?" पाद्रीबाबांनी हसत विचारले.

"भिंतीला ओल असेल, बाबा," वेंडेलिन म्हणाले.

परंतु त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. डांबर कधीच पुरते वाळत नाही आणि ऊब लागताच सरकते, हे त्यांना उमगले होते. काहीतरी निमित्त काढून ते लोकांच्या घरी जात आणि कोणी पाहत नाही असे बघून चित्रातील सावलीला बोट लावत. बोट चिकटले की त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. एखाद्याने सर्वांसमक्ष विचारले तर आयुष्यभराचे काम खोटे ठरेल, ही त्यांची भीती होती.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी प्रागच्या वसंतातील प्रदर्शनासाठी गावच्या तळ्याचे मोठे चित्र काढायला घेतले. या खेपेस डांबर वापरायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. मात्र काठावरच्या झाडांखाली सावली निर्जीव दिसू लागली, तेव्हा त्यांनी थोडेसे वापरलेच. माघाची थंडी आली तरी ती जागा ओलीच राहिली. म्हणून, निदान वरचा थर तरी धरेल या आशेने, त्यांनी चित्र खाली, शेगडी असलेल्या मोठ्या खोलीत आणून ठेवले.

"वाळलंय ना? मग माझ्या खोलीत कशाला?" अपोलेनाने विचारले.

"वाळलंय. उजेड बरा आहे इथे, अपोलेनाबाई."

तिने ते खरे मानले. लेकीच्या लग्नाची दुलई भरायची होती, म्हणून त्याच खोलीत तिने दुपारी आम्हा बायकांना बोलावले. मेजावर पिसांचा मऊ ढीग साचला. या कामात दार हळूच उघडायचे आणि शिंक आली तर तोंड एप्रनमध्ये खुपसायचे, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते.

वेंडेलिन फेरफटका मारून परतले. अंगणातूनच त्यांना खिडकीत आम्ही दिसलो आणि आमच्या पाठीमागे त्यांचे चित्र दिसले. चित्र ओले आहे हे आता उघडे पडणार, या धास्तीने त्यांना कसलेच भान उरले नाही. त्यांनी धाडकन दार ढकलले.

"दार! अहो, दार!" आम्ही ओरडलो. परंतु वारा आत शिरला होता. सगळा ढीग उडाला आणि खाली बसला, तेव्हा झाडांखालची काळी सावली पांढरीशुभ्र झाली होती.

"बघा गं, बुवांच्या तळ्यावर बर्फ पडलं!" म्हातारी बार्बोरा म्हणाली. बायका खिदळल्या. बार्बोराने पुढे विचारले, "पण झाडांवर नाही, पाण्यावर नाही, नेमकं सावलीतच कसं पडलं?"

वेंडेलिन दाराशी टोपी हातात धरून उभे होते. कान लालभडक झाले होते.

"ते ओलं आहे," ते म्हणाले. "ते कधी वाळणारच नाही. पाद्रीबाबांचंही नाही. तुमच्या घरातलंही नाही, बार्बोरामावशी."

"अहो, ते मला ठाऊक आहे," बार्बोरा म्हणाली. "दर उन्हाळ्यात माश्या चिकटतात त्याला. तुम्ही येऊन बोट लावता, तेही बघते मी. वाटलं, तुमची सवयच असेल."

वेंडेलिन बाकावर बसले. अपोलेनाने त्यांच्यापुढे गरम सूप ठेवले आणि बोथट सुरी आणून दिली. पिसांसकट सगळी सावली त्यांनी खरवडून काढली आणि त्या जागी निळा व हिरवा रंग मिसळून नवी भरली. ती पहिल्याइतकी खोल दिसत नव्हती. प्रदर्शनात चित्र घेतले गेले, पण दारामागच्या कोपऱ्यात लागले.

प्रागहून परतल्यावर ते घरी न येता थेट पाद्रीबाबांकडे गेले आणि दारातच म्हणाले,

"बाबा, ओल भिंतीला नव्हती. चूक माझी होती. चित्र थोडे दिवस मला परत द्या. सावली पुसून पुन्हा काढून देतो."