काचेचं डाळिंब आणि म्हैस

आमच्या निपाणीच्या घराची वाटणी झाली तेव्हा सगळ्या वस्तूंची किंमत ठरली, एका गोष्टीवर मात्र गाडं अडलं. माझ्या खोलीच्या खिडकीत टांगलेली ती रंगीत काचांची चौकट. सुपाएवढी असेल. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून त्यात लाल डाळिंबांची फांदी केली होती. बेळगावच्या कॅम्पात चर्चच्या खिडक्या बसवणारा एक मिस्त्री आमच्या गावात तापानं पडला होता. मामंजींनी त्याला दोन महिने बाहेरच्या सोप्यात ठेवून घेतलं. बरा होऊन गेल्यावर त्यानं ती हातानं करून पाठवली. मामंजी म्हणाले, "धाकटे, ही तुझ्या खिडकीला लाव." ऐकायला तिथं दुसरं कोणी नव्हतं, आणि वाटणीच्या वेळी मामंजीही नव्हते.

आमच्यात थोरल्यानं दोन वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणून थोरला वाटे सारखेच करतो. माझे थोरले दीर तर फारच सरळ. तांब्यापितळेची भांडी वजनावर, जोंधळा मापावर. चौकट त्यांनी उलटीपालटी केली आणि कासारापुढं ठेवली. कासारानं ती तराजूत घातली. शिशाचं काय येईल तेवढंच, काचेचं काही नाही, असं तो म्हणाला. म्हणजे एका पळीच्या बदल्यात ती माझ्याकडं राहिली असती. आक्कांना, माझ्या थोरल्या जावेला, पळी हवीच होती.

मी गप्प बसायला हवं होतं. पण पळीएवढीच म्हटल्यावर मला कसंसंच झालं. मी यांना म्हटलं, बेळगावात कुणाला तरी दाखवा. मला ती हवी होती, मग ती महाग करायला मीच का निघाले, हे मला आजही सांगता येत नाही.

बेळगावाजवळ कंग्राळीला माझं माहेर, म्हणून मीही बरोबर गेले. पहिला मिस्त्री वारला होता. त्याच्या जागी आलेल्या म्हाताऱ्यानं चौकट उन्हात धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

"लई नाजूक हात हाय," तो म्हणाला. "कोण मडम असती तर म्हशीची किंमत दिली असती. पण मडमा चालल्यात आता आपल्या देशाला. तुमच्या निपाणीत कोण घेणार? तंबाखू बांधायलाबी उपयोगाची न्हाय ही."

घरी आल्यावर यांनी वाटणीला बसलेल्या पंचांना एवढंच सांगितलं, की म्हशीएवढी आहे. पुढचं बेळगावातच राहिलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. थोरल्या दिरांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

थोरल्या दिरांनी मान डोलावली. घरात म्हैस एकच. ती त्यांनी एका वाट्याला लावली, आणि दुसऱ्या वाट्यावर चौकट ठेवली.

"अण्णा, हिला वैरण किती लागतीया?" एका पंचानं चौकट दाखवून त्यांना विचारलं. सगळे हसले, दीर हसले नाहीत. "जाणत्या माणसानं सांगितलंय न्हवं? मग बरोबर हाय," ते म्हणाले.

उचलायची पाळी यांची. यांनी दाराकडं बघितलं. माझ्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती आणि म्हैस नुकती व्यालेली. मी चौकटीकडं बघत होते. हे म्हणतात, मी मान हलवली. मी म्हणते, मी फक्त मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. यांनी म्हैस उचलली.

आक्कांनी ती चौकट रिकाम्या गोठ्याच्या खिडकीत टांगली. "म्हशीच्या जागी म्हैस," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्यांच्याकडं दूध नाही, म्हणून सकाळी मीच तांब्या घेऊन जाते.

"दुधाची गडबड न्हाय गं," आक्का खिडकीकडं बोट करून म्हणतात, "आधी तुझी म्हैस बघून घे."

त्या वेळी ऊन नेमकं त्या खिडकीत असतं. तांब्यातलं दूध लाल दिसतं. मला रोज वाटतं, बेळगावच्या म्हाताऱ्याचं उरलेलं बोलणं आज सांगून टाकावं. आक्का चौकट काढून माझ्या हातात देतीलही. पण मग थोरल्या दिरांच्या वाट्याला आलं काय, म्हैस गेली ती कशाच्या बदल्यात? मी दूध ओतते आणि रिकामा तांब्या घेऊन घरी येते.